पडतळ, काच आणि कांद्याचा रंग

लासलगावात कांद्याच्या एका खळ्यावर मी हिशोब आणि निर्यातीचे कागद बघतो. शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, कंटेनरचे नंबर यांत दिवस जातो. त्यामुळे गावात कुणाचाही नातेवाईक परदेशातून यायचा असला की माझ्याकडे चौकशी येते, "भाऊ, तिकडून फोन मागवू का? परवडेल ना?" कस्टमचे कागद बघणाऱ्याला फोनचंही कळत असणार, असा लोकांचा समज. तो अगदीच चुकीचा नाही. एक फोन मी स्वतः अमेरिकेतून आणवला, दोन-अडीच वर्षं बाजार समितीच्या आवारात वापरला, आणि नंतर खळ्याच्या शेठसाठी दुबईचा हिशोब मांडून पाहिला. त्यातून जे हाती आलं ते असं.

१. आधी विचारायचं: हा फोन इथे मिळतच नाही का?

मागवण्याचं खरं कारण हे एकच. २०१९च्या ऑक्टोबरात गूगलने पिक्सेल ४ आणला. हात न लावता हवेतल्या इशाऱ्यावर गाणं बदलावं म्हणून त्यात बारीक रडार बसवलेलं होतं. ते ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचं आणि भारतात त्या लहरी अशा वापरासाठी मोकळ्या नव्हत्या. एका रडारपायी अख्खा फोन इथे आला नाही. पुढच्या वर्षी स्वस्तातला ४ए आला, पण पिक्सेल ५ नाही आणि २०२१चा पिक्सेल ६ही नाही. थेट २०२२च्या जुलैत ६ए आला तेव्हा दार परत उघडलं.

मला हवा होता पिक्सेल ६, त्याच्या कॅमेऱ्यासाठी. भाची न्यू जर्सीत असते. ती म्हणाली, "मामा, डिसेंबरात येतेय, आणते." फोन इथे विकतच नव्हते, म्हणून मागवण्याला अर्थ होता. जो फोन नाशिकच्या दुकानात काचेमागे ठेवलेला आहे तो परदेशातून मागवताना लोक बहुतेक वेळा हौसेला बचत हे नाव देतात.

२. दर सांगू नका, पडतळ काढा.

आपल्याकडे हे शिकवायची गरज नसावी. २०२३च्या ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा लिलाव बंद पडले होते. डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४मध्ये उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि वर ते ४० टक्के होतेच. म्हणजे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे की लासलगावचा भाव आणि दुबईत माल पडतो तो भाव, म्हणजे पडतळ, वेगळी. तरीही फोनची गोष्ट निघाली की हीच माणसं अमेरिकेतला डॉलरचा आकडा घेतात, रुपयांत गुणतात आणि थांबतात.

माझ्या फोनचं गणित असं होतं. पिक्सेल ६ तिकडे ५९९ डॉलरला. अमेरिकेत लावलेल्या किमतीत विक्रीकर नसतो, तो बिल करताना चढतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. झाले ६३९ डॉलर. डॉलर तेव्हा पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे अठ्ठेचाळीस हजारांच्या आत. २०१६च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणता येत होता. त्या सवलतीत फोन जेमतेम बसला. भाचीला मी आधीच बजावून ठेवलं होतं की बाकी काही आणू नकोस, चॉकलेटंसुद्धा मोजकी.

आता दुसरं गणित. २०२४च्या मे महिन्यात शेठच्या मनात सॅमसंगचा एस२४ अल्ट्रा भरला. त्यांचा आतेभाऊ दुबईत. तो म्हणाला, सवलत धरून साडेचार हजार दिरहमला देतो घेऊन. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. तेव्हाचा रुपयाचा भाव धरला तर एक लाख दोन हजार. इथली लावलेली किंमत १,२९,९९९. शेठ खूश. मी कागद पुढे ओढला. पन्नास हजार सवलतीचे वजा केले, उरले बावन्न. त्यावर बॅगेजचं शुल्क ३८.५ टक्के, म्हणजे वीस हजार. झाले एक लाख बावीस. नाशिकचा दुकानदार बँकेच्या कार्डाची सूट धरून एक लाख वीसच्या आत द्यायला तयार होता, वर पक्कं बिल आणि वॉरंटी. शेठ म्हणाले, "बायको बरोबर येतेय त्याची, दोघांची सवलत मिळून एक लाख होईल की." होत नाही. ही सवलत माणशी असते, दोघांची एका वस्तूवर जोडता येत नाही.

आणखी दोन फाटे. दुबईत ५ टक्के व्हॅट आहे आणि विमानतळावर त्यातला मोठा भाग परत मिळतो, पण तो फिरायला आलेल्याला. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला नाही. आणि "कुरिअरने गिफ्ट म्हणून पाठव" हा सल्ला जुना झाला. डिसेंबर २०१९पासून टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती वाट सरकारने बंद केली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सोडली. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचं आयात शुल्क २०वरून १५ टक्के झालं, तेव्हाही दोघांनी मला फोन केला. ते कंपन्यांच्या व्यापारी आयातीचं. बॅगेतून येणाऱ्या फोनला बॅगेजचे नियम, आणि ते बदलत असतात. तिकीट काढलेल्या माणसाने निघायच्या आठवड्यात पाहून घ्यावेत.

खोकं फेकून, फोनमध्ये सिम घालून "माझाच आहे" म्हणून हिरव्या वाटेने निघणारे असतात. मी तो सल्ला देत नाही. मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्याच्या पोराला घाम फोडून आपण काय मिळवायचं?

३. नाव तेच, माल वेगळा.

खोक्यावर एकच नाव असलं तरी आत काय आहे ते देशावर ठरतं. सॅमसंगचा एस२१ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८८८वर, इथे एक्सिनॉस २१००वर. त्या काळात हौशी लोक मुद्दाम तिकडचा मागवायचे. एस२२ पासून इथेही स्नॅपड्रॅगन आला. पुन्हा एस२४ आणि एस२४ प्लस इथे एक्सिनॉसवर, अल्ट्रा मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगनवर. म्हणून मित्राने पाहिलेलं यूट्यूबवरचं परीक्षण कुठल्या देशातल्या फोनचं आहे हे आधी बघावं.

मागवायच्या आधी मी भाचीकडून मॉडेल नंबर घेतला, नाव नव्हे. त्या नंबराचे बँड तपासले. आपल्याकडे ४जीला ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड महत्त्वाचे, जिओचा सगळा खेळ ३, ५ आणि ४० वर. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. त्यामुळे फोनला जिओवरचा व्होल्टे, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, मान्य नसेल तर इंटरनेट चालेल आणि साधा कॉल लागणार नाही. फोन हातात आल्यावर पहिलं काम म्हणून जिओचं सिम घालून खळ्यावरून घरी कॉल केला. लागला. मग भाचीला जेवायला वाढलं.

तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मोबाइल कंपनीच्या हप्त्यावरचा फोन नको, तो हप्ते फिटेपर्यंत कुलूपबंद असतो. आणि सिमची जागा किती ते बघ. अमेरिकेतल्या पिक्सेल ६ला एक सिम आणि एक ई-सिम. मला पार्ट्यांचा, म्हणजे माल घेणाऱ्यांचा, नंबर वेगळा आणि घरचा वेगळा लागतो, तेव्हा एक नंबर ई-सिमवर नेला. हाँगकाँग-चीनकडच्या बऱ्याच फोनांत उलटं असतं, दोन सिम बसतात आणि ई-सिम नसतं. सॅमसंगच्या काही देशांतल्या खोक्यांवर बारीक चिकटपट्टी असते, आधी त्याच भागातल्या सिमवरून पाच मिनिटं बोला, मग दुसरीकडचं सिम चालेल अशी. ती पट्टी वाचायची तिथेच. इथे आल्यावर वाचून उपयोग नाही.

५जीचा मुद्दा मला उशिरा उमगला. १ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं. फोनमध्ये एन७८ बँड असणं पुरत नाही, कुठल्या देशात तो चालू करायचा ते कंपनी सॉफ्टवेअरमधून ठरवते. इथे राजरोस विकलेल्या आयफोनलाही ते डिसेंबरातल्या अपडेटने मिळालं. ज्या मॉडेलचा इथे एकही अधिकृत ग्राहक नाही त्याच्यासाठी कोण घाई करणार?

४. कॅमेरा फुलांवर तपासू नका, आपल्या मालावर तपासा.

यावर मी जास्त बोलेन, कारण माझं पोट यावर आहे. पूर्वी नमुन्याच्या पिशव्या जायच्या. आता पाटण्याची पार्टी असो की कोलंबोची, आधी फोटो मागते. उन्हाळ कांद्याचा तांबूस-गुलाबी रंग, पत्ती डबल आहे की उडालीय, मानेजवळ काजळी आहे का, दुभाळके किती, हे सगळं त्या फोटोत दिसलं पाहिजे, आणि जसं आहे तसं दिसलं पाहिजे. चांगलं दिसणं आणि खरं दिसणं यांत आमच्या धंद्यात पैशाचा फरक आहे. मागे एका खळ्यावरून गेलेल्या फोटोत कांदा असा काही लालबुंद आला की माल पोचल्यावर पार्टीने "हा तो कांदा नव्हे" म्हणून दर तोडला. माल तोच होता. फोनने त्याला नटवलं होतं.

म्हणून नवा फोन आला तसं आम्ही एक दिवस एकाच ढिगाचे फोटो वेगवेगळ्या फोनांतून काढले. माझा पिक्सेल, शेठचा जुना सॅमसंग, त्यांच्या मुलाचा आयफोन, मापाऱ्याचा विवो. सकाळी शेडच्या सावलीत, मग दुपारी ट्रॉलीवर उन्हात. माझं मत सांगतो. सॅमसंगचा लाल जरा सणासुदीचा, बघायला छान. विवो माणसांच्या चेहऱ्याला फार गोड आणि तोच गोडवा कांद्यालाही लावतो. आयफोनमध्ये पिवळसर झाक. पिक्सेलचा फोटो अंमळ गडद, पण पत्तीवरच्या रेघा आणि काजळीचे ठिपके सगळ्यांत स्पष्ट. शेठना तो आवडला नाही. "माल मेल्यासारखा दिसतोय," म्हणाले. मला नेमका तोच हवा होता.

एक गंमत त्याच दिवशी कळली. सॅमसंगच्या सेटिंगमध्ये पडद्याचा रंग व्हिव्हिड ठेवलेला असतो, तो नॅचरल केला की निम्मा भडकपणा जातो. फोटो पूर्वीचाच असतो, आपण बघत असतो तो पडदा. म्हणजे दोन फोन शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही, दोन्ही फोटो तिसऱ्या एकाच पडद्यावर बघावेत. दुकानात उभं राहून कॅमेरा पसंत करणाऱ्यांनी एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

आणखी: लाल जाळीच्या गोणीतल्या कांद्याचा फोटो कुठलाही फोन खरा काढत नाही, जाळीचा रंग मालावर उतरतो. ढिगाशेजारी हिशोबपट्टीचा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे फोनला पांढरं कशाला म्हणायचं ते कळतं आणि पार्टीलाही. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो चेपला जातो. २०२३पासून एचडीचा पर्याय आहे, तो नसेल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पन्नास हजारांचा कॅमेरा घेऊन फोटो चेपून पाठवणारे मी रोज बघतो.

५. सौदा तोंडी असेल तर कॉल रेकॉर्डिंग बघा.

आमच्याकडे ट्रकभर मालाचा भाव फोनवर ठरतो, कागद मागून होतो. भारतासाठीच्या सॅमसंगमध्ये कॉल रेकॉर्डिंग आतच असतं, बऱ्याच देशांच्या मॉडेलांत ते नसतं. गूगलच्या डायलरमध्ये जिथे आहे तिथे एक बाई आधी दोघांनाही ऐकवते की हा कॉल रेकॉर्ड होतोय. ते ऐकलं की समोरचा व्यापारी भावाऐवजी पावसापाण्याचं बोलायला लागतो. वेगळी अॅप टाकायची सोय गूगलने मे २०२२मध्ये जवळजवळ संपवली. माझ्या अमेरिकी फोनवर रेकॉर्डिंग नव्हतंच. मी तोडगा काढला तो जुनाच: सौदा झाला की लगेच भाव, वजन, तारीख लिहून व्हॉट्सअॅपला टाकायचं आणि "ओके" मागून घ्यायचं. आता रेकॉर्डिंगवाला फोन आहे तरी ही सवय मोडली नाही.

६. एप्रिलमधल्या दुपारी बारा वाजता पडदा दिसतो का?

बाकी वैशिष्ट्यं वाचायच्या आधी हे. ट्रॉल्यांच्या रांगेत सावली नसते. एस२४ अल्ट्राचा पडदा २६०० निट्सपर्यंत जातो आणि त्याच्या काचेची चकाकी कमी केलेली आहे, शेठ त्यावर उन्हात हिशोबपट्टी वाचू शकतात. वनप्लस १२ कागदावर ४५०० सांगतो, पण हे शिखराचे आकडे, तेही पडद्याच्या तुकड्यापुरते आणि थोडा वेळ. शिवाय फोन तापला की कुठलाही ब्रँड आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून "याचा पडदा मंद झाला" म्हणणाऱ्याला कंपनी काय करणार? धुळीचं म्हणाल तर कांद्याचा पापुद्रा चार्जिंगच्या भोकात बरोबर जाऊन बसतो. लाकडी दातकोरणीने काढावा. टाचणीने नाही.

७. काच फुटते तेव्हा अमेरिका फार लांब असते.

ट्रॉलीवरून उतरताना फोन हातातून सुटला. वॉरंटी तिकडची होती, इथे चालत नाही हे मागवतानाच माहीत होतं. शिवाय फुटलेली काच कुठल्याच साध्या वॉरंटीत बसत नाही, हे आयात फोनला शिव्या घालणारे विसरतात. अडचण वेगळीच होती. जो फोन देशात विकला गेला नाही त्याची काच कोण ठेवणार? साठेक किलोमीटरवर नाशिक, तिथल्या एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने मुंबईहून मागवली. तोवर मी बटणांचा फोन वापरला आणि पार्ट्यांना फोटो मापाऱ्याच्या विवोवरून गेले, गोड गोड.

काच बदलल्यावर अंगठा ओळखेना. पिक्सेल ६मध्ये ठसा ओळखणारा भाग पडद्याखाली असतो आणि पडदा बदलला की तो गूगलच्या वेगळ्या सॉफ्टवेअरने पुन्हा जुळवावा लागतो. दुकानातल्या मुलाला ते ठाऊक होतं, संगणकाला जोडून त्याने करून दिलं. असा मुलगा आपल्या ओळखीत आहे का, हे फोन मागवायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

८. थांबता येत असेल तर थांबा.

शेठनी शेवटी एस२४ अल्ट्रा नाशिकमधून घेतला. नोएडात बनलेला फोन दुबईहून शुल्क भरून कशाला आणायचा, हे त्यांना माझ्या आकड्यांपेक्षा लवकर पटलं. "जीएसटी तरी परत मिळेल का?" असं त्यांनी विचारलं. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही, त्यामुळे देशात विकलेल्या मालावर फोनच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मागायला जागाच नाही.

मला स्वतःला बदलायचा होता तेव्हा तीन फोन समोर होते. वनप्लस १२ इथे ६४,९९९ला, अमेरिकेत ७९९ डॉलरला, म्हणजे तो इथेच स्वस्त. १०० वॅटचं चार्जिंग, वीज जाते-येते अशा ठिकाणी फार कामाचं. अँड्रॉइडची चार नवी रूपं मिळणार. एस२४ला सात वर्षं अपडेट, पण माझ्या खिशाला तो जड. पिक्सेल ८लाही सात वर्षं आणि आता तो इथे अधिकृत विकत होते. ऑक्टोबर २०२३ला आला तेव्हा ७५,९९९. मी लगेच घेतला नाही. लाल कांद्याची आवक वाढली की चाळीतल्या जुन्या उन्हाळ कांद्याचं जे होतं, तेच अँड्रॉइडच्या महागड्या फोनांचं पुढचा नंबर आला की होतं. पिक्सेल ९ आला ऑगस्ट २०२४ला. दसऱ्याच्या सेलमध्ये मला पिक्सेल ८ निम्म्याच्या आसपास मिळाला. त्या भावात तो न्यू जर्सीतूनही पडला नसता.

भाचीला सांगितलं, आता फोन नको आणू. ती म्हणाली, मग आंबा पाठवा. अमेरिकेत आपला आंबा २००७पासून जातोय आणि त्या पहिल्या पेट्या लासलगावच्याच कृषक केंद्रातून विकिरण होऊन गेल्या होत्या, हे तिला मी दर उन्हाळ्यात ऐकवतो. पाठवणं मात्र माझ्या हातात नाही, तेही मी दर उन्हाळ्यात सांगतो.

९. विकताना परदेशी फोनचे कागद जास्त लागतात.

एक्स्चेंजच्या यादीत माझं जुनं मॉडेल निघालंच नाही. मग विंचूरचा एक जण घ्यायला तयार झाला. बिल डॉलरमध्ये आणि भाचीच्या नावावर, ते त्याला उलटसुलट करून पाहावं लागलं. मी *#०६# दाबून आयएमईआय दाखवला, त्याने १४४२२वर संदेश पाठवला, उत्तरात ब्रँड आणि मॉडेल बरोबर आलं, फोन चोरीच्या यादीत नाही याची खात्री पटली. तरी त्याचा चेहरा मोकळा होईना. एम. जी. रोडची काचेची पावती दाखवली तेव्हा झाला. अमेरिकेच्या बिलापेक्षा त्याला नाशिकची पावती जास्त पटली. भावात पाचशेवर अडला होता, ते मी सोडले. निघताना म्हणाला, "काका, चार्जर?" पिक्सेल ६च्या खोक्यात चार्जर मुळातच येत नव्हता, तो मी इथून वेगळा घेतलेला. तोही दिला.